सहकाऱ्याच्या वहीतला साइन : ग्रेस हॉपर

प्रोग्रामिंगच्या कोणत्याही भाषेत काही फंक्शन्स तयारच मिळतात. एखादे कोनाचा साइन काढून देते, एखादे यादीची लांबी मोजते, एखादे समोरचे ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचे आहे ते सांगते. ही फंक्शन्स आतून कशी चालतात हे शिकणाऱ्याला माहीत नसते, आणि माहीत असण्याची गरजही नसते. तो भाषेच्या दस्तावेजात नाव शोधतो, कंसात काय द्यायचे, उत्तर कोणत्या स्वरूपात येईल आणि कुठे चूक निघेल एवढे वाचतो आणि पुढच्या कामाला लागतो. हे पान कुणीतरी लिहिलेले असते याची आठवण होते ती पान चुकीचे निघाल्यावर किंवा सापडले नाही तर.

1944 मध्ये असे पानच नव्हते. साइन हवा असेल तर शेजारच्या टेबलावर बसलेल्या सहकाऱ्याची वही मागावी लागे. ही वही मागणाऱ्यांपैकी एक होत्या ग्रेस हॉपर. पुढची चाळीस वर्षे त्यांनी जे केले, त्याचे मूळ या वह्यांत आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सातव्या वर्षी त्यांनी घरातले गजराचे घड्याळ आत काय आहे ते पाहण्यासाठी उघडले. ते परत जुळेना, म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे. आईच्या लक्षात येईपर्यंत सात घड्याळे मोडून झाली होती. त्यानंतर एकच घड्याळ उघडायची परवानगी राहिली. सोळाव्या वर्षी व्हासर कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली आणि लॅटिनमध्ये नापास झाल्या. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. 1928 मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, मग येल विद्यापीठात 1930 मध्ये पदव्युत्तर पदवी आणि 1934 मध्ये गणितातली डॉक्टरेट. 1930 मध्येच व्हिन्सेंट हॉपर या इंग्रजीच्या प्राध्यापकाशी लग्न झाले. 1931 पासून व्हासरमध्ये गणित शिकवणे सुरू होते. आयुष्य तसेच गेले असते तर एक चांगली शिक्षिका म्हणून विद्यार्थिनींच्या आठवणीत राहिल्या असत्या.

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर त्यांनी नौदलात जायचे ठरवले. पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते, त्यामुळे घरात या गोष्टीचे अप्रूप होते. पण नौदलाच्या नियमांत त्या बसत नव्हत्या. वय जास्त, गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी युद्धासाठी आवश्यक मानलेली आणि वजन नियमापेक्षा 15 पौंडांनी, म्हणजे जवळजवळ सात किलोंनी कमी. खास सवलत मिळवून डिसेंबर 1943 मध्ये त्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात तुकडीत पहिल्या आल्या. वजनाच्या काट्याने नाकारलेली ही सडपातळ बाई पुढे 79 व्या वर्षापर्यंत गणवेशात राहणार आहे, असे त्या वेळी कुणालाही वाटले नसते.

जुलै 1944 मध्ये त्यांची नेमणूक झाली हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड आयकेन यांच्या हाताखाली. तिथे मार्क वन नावाचे यंत्र होते. लांबी 51 फूट, उंची 8 फूट, वजन सुमारे पाच टन. आत हजारो रिले, चाके आणि एक लांब फिरता दांडा. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून सूचना वाचत ते 23 अंकी संख्यांची गणिते करायचे. सेकंदाला तीन बेरजा, एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद. आज हसू येईल, पण हा वेग त्या वेळी माणसांच्या टोळीला न झेपणारा होता. आयकेन कडक. आल्या आल्या त्यांनी हॉपर यांना यंत्र दाखवले आणि एका आठवड्यात आर्कटॅन्जंटच्या अंतर्वेशनासाठी लागणारे गुणांक काढायला सांगितले. सांगण्यासारखे शिक्षण एवढेच. रॉबर्ट कॅम्पबेल आणि रिचर्ड ब्लॉक हे दोघे तरुण अधिकारी आधीपासून तिथे होते, त्यांच्याकडून जे समजेल ते समजून घ्यायचे.

मार्क वनमध्ये लॉगरिथम, घातांक आणि साइन काढणारे विभाग जोडणीतच बसवलेले होते. अंगभूत फंक्शन म्हणतात ते हेच, फक्त लोखंड आणि तारांचे. पण एक साइन काढायला त्यांना सुमारे मिनिटभर लागे. एका प्रश्नात शेकडो वेळा साइन लागत असेल तर यंत्र दिवसभर त्यातच अडकून पडायचे. म्हणून तिघांनी युक्ती काढली. प्रश्नातला कोन कधीच 45 अंशांच्या वर जात नसेल आणि दहाच अंकांपर्यंत अचूकता पुरत असेल, तर साइनच्या श्रेणीतली थोडी पदे घेऊन भागते. तेवढ्याच सूचना लिहायच्या. काम कमी, वेळ कमी.

असे तुकडे प्रत्येकाच्या वहीत जमत गेले. हॉपर यांना साइन हवा असला की त्या ब्लॉक यांना हाक मारायच्या, त्यांची वही घ्यायच्या आणि सूचना आपल्या कागदावर उतरवून घ्यायच्या. सबरुटीन, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा, या नावाने पुढे ओळखली गेलेली गोष्ट त्या तळघरात अशी हातोहात फिरत होती.

यात दोन खड्डे होते. पहिला नकलेचा. हाताने उतरवताना 4 चा डेल्टा व्हायचा, बी या अक्षराचे 13 व्हायचे. शिवाय तुकडा नव्या प्रोग्राममध्ये नव्या जागी बसवताना त्यातल्या सगळ्या पत्त्यांत ठरावीक आकडा मिळवावा लागे, आणि तिथे बेरजा चुकत. गणितात डॉक्टरेट झालेल्या बाईने पुढे अनेक भाषणांत मान्य केले की प्रोग्रामरांना ना धड नक्कल करता येते ना बेरीज. दुसरा खड्डा जास्त खोल. ब्लॉक यांचा साइन 45 अंशांच्या आतच चालतो, ही अट कुठे लिहिलेली होती? बहुतेक वेळा ब्लॉक यांच्या डोक्यात. ते शेजारी बसलेले होते म्हणून ठीक. साठ अंशांचा कोन दिला तर यंत्र तक्रार करणार नव्हते. ते शांतपणे चुकीचे उत्तर छापून देणार होते.

आणि ही उत्तरे शोभेची नव्हती. 1944 मध्येच जॉन व्हॉन नॉयमन एक अवघड समीकरण घेऊन आले आणि ब्लॉक व हॉपर यांनी ते यंत्रावर चढवले. ते अणुबॉम्बच्या रचनेसाठी होते हे हार्वर्डच्या मंडळींना फार नंतर कळले.

मग आयकेन यांनी हॉपर यांना आणखी एक हुकूम सोडला. मार्क वनचे पुस्तक लिहायचे. हॉपर यांनी आपण कधी पुस्तक लिहिलेले नाही असे सांगून पाहिले. आयकेन यांनी त्या आता नौदलात आहेत याची आठवण करून दिली. विषय संपला. दिवसाचे काम उरकून त्या पाने लिहायच्या आणि लिहिलेले आयकेन यांना वाचून दाखवायच्या. खटकले की पुन्हा लिहायचे.

1946 मध्ये हे मॅन्युअल हार्वर्डने छापले. साडेपाचशेहून अधिक पाने. मुखपृष्ठावर लेखक म्हणून संगणन प्रयोगशाळेच्या कर्मचारीवर्गाचे नाव आहे, पण त्यातला मोठा वाटा हॉपर यांचा. सुरुवातीला पास्कल, लायब्नित्स, बॅबेज यांच्यापासूनचा इतिहास, मग यंत्राचा प्रत्येक भाग, विद्युत जोडण्या, सूचनांचे संकेत, कोणती तार कुठे लावायची ते, सोडवलेली उदाहरणे. प्रत्येक विभागाला काय द्यायचे, तो काय परत देतो, त्यासाठी किती वेळ लागतो. संगणक कसा चालवावा हे सांगणारे इतके सविस्तर पुस्तक त्याआधी कुणी लिहिले नव्हते. आजच्या दस्तावेजांसारखेच तेही वाचायला रुक्ष आहे. पण ते हाती असलेल्या माणसाला ब्लॉक यांची वही मागण्याची गरज नव्हती.

याच प्रयोगशाळेतली एक गोष्ट हॉपर यांच्या नावाशी कायमची चिकटली आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी मार्क टू या पुढच्या यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावून ठेवला गेला. बग हा शब्द तिथून आला असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. यंत्रातल्या दोषाला अभियंते त्याच्या कितीतरी आधीपासून बग म्हणत. पतंग हॉपर यांनी स्वतः पकडलेलाही नव्हता. त्यांनी ती गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली, एवढेच. पान मात्र खरे आहे आणि ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात पतंगासह जपलेले आहे.

युद्ध संपले आणि सारे विस्कटले. 1945 मध्ये घटस्फोट झाला. व्हासरमध्ये परत जाण्याचा पर्याय त्यांनी नाकारला. हार्वर्डमध्ये स्त्रीला कायम पद मिळण्याची शक्यता नव्हती, आणि 1949 मध्ये तिथला करार संपला. फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत नोकरी मिळाली, पण युद्धाच्या रात्रपाळ्यांत लागलेली दारूची सवय एव्हाना व्यसन झाली होती. 1949 च्या अखेरीस नशेत असताना पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि रुग्णालयात न्यावे लागले. एडमंड बर्कली या जुन्या सहकाऱ्याने त्यांना सरळ पत्र लिहून हे चालणार नाही असे बजावले. त्या काळात व्यसनाकडे आजार म्हणून फारसे पाहिले जात नव्हते. चारित्र्याचा दोष मानून झाकून ठेवले जाई, स्त्रीच्या बाबतीत तर जास्तच. हॉपर यांच्या मित्रांनी झाकले नाही आणि सोडूनही दिले नाही. त्यांच्या नावावरची सगळी मोठी कामे याच्या नंतरची आहेत.

कंपनीत युनिव्हॅक तयार होत होता. त्याआधीच्या बायनॅक या यंत्रासाठी त्यांना अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठच्या पाढ्यात, आकडेमोड करायची सवय लावून घ्यावी लागली होती. परिणाम असा की त्यांच्या बँकेच्या पुस्तकाचा हिशेब काही महिने जुळेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावाने शोधून काढले की बहीण मधूनमधून आठच्या पाढ्यात वजाबाकी करते आहे. यंत्राची भाषा माणसाने शिकायची की माणसाची यंत्राने, या प्रश्नाचे उत्तर त्यांना घरातच मिळाले असावे.

सहकारी बेटी होल्बर्टन यांनी एक प्रोग्राम लिहिला होता, जो माहितीचे वर्णन घेऊन वर्गवारीचा प्रोग्राम स्वतःच तयार करायचा. ते पाहून हॉपर यांच्या मनात आले की वह्यांचे कामही यंत्रालाच का देऊ नये? नक्कल करणे आणि बेरीज करणे याच तर दोन गोष्टी यंत्राला उत्तम येतात. त्यांनी जमलेली सबरुटीन्स चुंबकीय फितीवर ओळीने ठेवली आणि प्रत्येकाला एक हाक-क्रमांक दिला. प्रोग्रामरने फक्त क्रमांक आणि कशावर काम करायचे ते लिहायचे. यंत्र फितीवरून तो तुकडा आणील, पत्ते जुळवील आणि पूर्ण प्रोग्राम जोडून देईल. ग्रंथालयातले वेचे एकत्र करावेत तसे हे संकलन, म्हणून नाव पडले कंपायलर. ए-झिरो या नावाचा हा पहिला प्रोग्राम 1952 पर्यंत चालू झाला. आजच्या व्याख्येने त्याला कंपायलरपेक्षा लिंकर किंवा लोडर म्हणणे जास्त बरोबर ठरेल, पण नाव त्यांनी दिले आणि ते टिकले.

एके ठिकाणी गाडी अडली. प्रोग्राममध्ये पुढच्या एखाद्या तुकड्याकडे उडी मारायची सूचना असते, पण तो तुकडा अजून जागेवर बसवलेलाच नसतो. मग पत्ता काय लिहायचा? हॉपर यांना कॉलेजातला बास्केटबॉल आठवला. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत चेंडू हातात असताना पाऊल टाकता येत नसे. चेंडू सहखेळाडूकडे टाकायचा, आपण पुढे धावायचे आणि तिच्याकडून परत घ्यायचा. त्यांनी यंत्राच्या स्मृतीच्या टोकाला एक कोपरा राखून ठेवला. उडी आधी तिथे मारायची, आणि खरा तुकडा बसला की तिथून पुढचा पत्ता भरायचा.

मे 1952 मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी यावर निबंध वाचला. त्यातला कळीचा भाग कंपायलरच्या करामतीपेक्षा सबरुटीन्सच्या सूचीत आहे. प्रोग्रामरच्या हाती ती सूची असेल. तुकड्याचा क्रमांक, त्याला काय द्यायचे, तो काय परत देतो, आत शिरायची आणि बाहेर पडायची वाट कुठे, हे ठरावीक साच्यात नोंदलेले असेल. सूत्रे आणि कोष्टके जवळ बाळगण्याची गरज उरणार नाही, यंत्राचे सगळे संकेत पाठ असण्याचीही नाही. ब्लॉक यांच्या डोक्यातली ती 45 अंशांची अट लिहायला अखेर ठरलेली जागा मिळाली.

क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना हॉपर यांची नव्हे. ती आली ऑस्लोमधून. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी 1967 च्या सिम्युला भाषेत माहिती आणि तिच्यावर चालणारी फंक्शन्स एका साच्यात बांधली, आणि आजच्या बहुतेक भाषा तिचा वारसा सांगतात. पण त्या भाषांतल्या कोणत्याही क्लासचे दस्तावेजातले पान उघडले, तर नाव, द्यायच्या किमती, मिळणारे उत्तर आणि अटी हाच क्रम दिसतो. या मांडणीची चांगली ओळख 1952 च्या त्या सूचीत पटते.

गंमत म्हणजे तयार कंपायलर असूनही बराच काळ त्याला कुणी हात लावेना. यंत्र फक्त आकडेमोड करते, ते प्रोग्राम लिहू शकत नाही, असे त्यांना सांगितले जाई. प्रोग्रामरांचाही विरोध होता. त्यांची विद्या दुर्मिळ होती आणि दुर्मिळ विद्येला मान असतो. हॉपर यांनी वाद घालण्यापेक्षा पुढची आवृत्ती, ए-टू, ग्राहकांना मूळ कोडसकट पाठवून दिली आणि सुधारणा कळवायला सांगितले.

त्यांची पुढची मागणी व्यवस्थापनाला आणखी विचित्र वाटली. हिशेबनीसांना चिन्हे नकोत, शब्द हवेत. मग आज्ञा साध्या इंग्रजीतच का लिहू नयेत? हे पटवताना त्यांनी तोच छोटा प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांत लिहूनही चालवून दाखवला. यंत्राला सगळे शब्द सारखेच, त्याच्या लेखी ती नुसती चिन्हे, एवढेच दाखवायचे होते. परिणाम उलटा झाला. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कशी कळेल, या विचाराने वरिष्ठ हादरले. इंग्रजीपुरतेच थांबण्याचे कबूल केल्यावर काम पुढे सरकले. त्यातून झाली फ्लो-मॅटिक.

1959 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी व्यावसायिक भाषा ठरवायला समिती बसली. तिथे तयार झालेल्या कोबॉलवर फ्लो-मॅटिकची दाट छाप आहे. हॉपर यांना कोबॉलची जननी म्हणण्याचा प्रघात आहे. त्यात अतिशयोक्ती आहे, कारण भाषा लिहिली जीन सॅमेट आणि इतरांच्या समितीने आणि हॉपर सल्लागार होत्या. पण त्यांच्या आधीच्या कामाशिवाय ती त्या रूपात झाली नसती, हेही तितकेच खरे.

1966 च्या अखेरीस वयामुळे नौदलाने त्यांना निवृत्त केले. सात महिन्यांनी, 1 ऑगस्ट 1967 रोजी, सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलावले. हे सहा महिने एकोणीस वर्षे चालले. बोलावण्याचे कारण पुन्हा तेच जुने दुखणे. कोबॉलचे मानक एक होते, पण प्रत्येक कंपनीचा कंपायलर ते आपापल्या परीने पाळत होता. पुस्तकात एक, यंत्रात दुसरेच. एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर गेला की रुसायचा. हॉपर यांच्या गटाने तपासणीचे प्रोग्राम लिहिले. मानकात लिहिलेले प्रत्येक कलम कंपायलर खरोखर पाळतो का, ते हे प्रोग्राम चालवून बघायचे. कंपायलर विकणाऱ्यांना आता नुसत्या माहितीपत्रकावर भागवता येईना.

म्हातारपणी त्या व्याख्यानांसाठी प्रसिद्ध झाल्या. पर्समध्ये तारेचे तुकडे असत, प्रत्येकी 11.8 इंच, म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटर. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त जेवढे अंतर जाऊ शकते ते हे. श्रोत्यांना त्या हे तुकडे वाटत. मायक्रोसेकंदासाठी जवळजवळ हजार फूट तारेचे भेंडोळे दाखवीत, म्हणजे वेळ वाया घालवणाऱ्या प्रोग्रामरला आपण काय फेकून देतो ते दिसावे. कार्यालयातल्या भिंतीवर उलटे फिरणारे घड्याळ होते. वेळ मात्र ते बरोबर दाखवायचे.

1985 मध्ये त्या रिअर अ‍ॅडमिरल झाल्या. मार्क वन 1959 मध्येच बंद करून सुटे केलेले होते आणि त्याचे काही भाग आता काचेमागे होते. पण त्याचे मॅन्युअल त्याच 1985 साली एमआयटी प्रेसने पुन्हा छापले. 14 ऑगस्ट 1986 रोजी बॉस्टनमध्ये, कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर, 79 वर्षांच्या हॉपर यांनी नौदलाचा निरोप घेतला आणि त्यानंतर एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचे निधन झाले. लष्करी इतमामात आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला.